पाटावरची गावं

१

काशीला सहा वर्षं इतिहास शिकून मी गावी परतलो तेव्हा आपलं नवं राज्य जेमतेम नऊ महिन्यांचं होतं. नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि वह्या जास्त होत्या. एका वहीत मी गावासाठी करायच्या कामांची यादी लिहून आणली होती. शाळा, वाचनालय आणि सगळ्यात आधी गोडं पाणी. आमचं गाव पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि चहाचं दूध फाटायचं. प्यायचं पाणी दोन कोसांवरून गाडीनं आणायचे.

त्याच फेब्रुवारीत जनगणना आली आणि आमच्या गावाचा प्रगणक मी झालो. माझ्याआधी कोणीतरी दारादारांवर गेरूनं आकडे टाकून गेलं होतं. एकशे बासष्ट घरं. फॉर्म आणि शाई घेऊन मी सकाळी निघायचो, ओसरीवर बसायचो, एकेक माणूस लिहून घ्यायचो. मोजलेला माणूस हरवत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो आणि मला ते खरंच वाटायचं.

फॉर्मात जन्मठिकाणाचा रकाना होता. बायकांच्या बाबतीत तो भरायला विचारावंही लागत नसे. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. पुष्पाबाईला पुष्पाबाई कोणी म्हणत नव्हतं, ती डोणगाववाली. तिची जाऊ वरवटवाली. चाळीस वर्षं एका चुलीवर रांधलं तरी गावाच्या तोंडी बाईचं नाव म्हणजे तिचं माहेर.

काम संपल्यावर मी जन्मठिकाणं तहसिलीतून मिळालेल्या गावांच्या यादीशी ताडून पाहिली. अकरा बायकांच्या माहेरापुढे यादीत एकच शब्द होता: रीठ.

रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. सरकारी कागदावर त्याला नाव असतं, शिवार असतं, हद्दीच्या खुणा असतात. फक्त माणूस नसतो. वऱ्हाडात अशी गावं पुष्कळ. दुष्काळात, पटकीत, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत उठलेली. त्यात नवल काही नाही. पण पटवाऱ्याच्या जुन्या बाडात या गावांपुढे शेराही होता: सन १८६७च्या मोजणीवेळी ओसाड.

त्यातलं एक गाव मोहदरी. मोहदरीवाली चांगुणा बत्तीस वर्षांची होती.

मी पुन्हा तिच्या दारात गेलो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"चांगुणाबाई, मोहदरीले तुमचं कोन असते?"

"माय हाये, दोन भाऊ हायेत. काऊन जी?"

"शेवटचं कधी गेल्ता?"

"लग्न झालं तवापासून कोनं नेलं? मुऱ्हाळी आलाच नाई." मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि हसली. "कामात असतीन. तुमी सरकारातले न जी, तुमीच पाठवा सांगावा."

मी परत आलो. चुकत असेल ती, किंवा बाड चुकत असेल. सांगणारा सांगेल तेच लिहावं, अशी आम्हाला सूचना होती. मी तेच लिहिलं.

२

मारुतीच्या देवळापुढे एक दगडी ओटा होता आणि त्या ओट्यावर मुलूख खेळायचा पाट कोरलेला होता. चोवीस खळगे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. माघापासून पाऊस पडेपर्यंत, दुपारच्या वेळी, पुंजाजी आबा आणि तुळशीराम तिथं खेळत बसलेले असायचे. पुंजाजी सत्तरीचे, तोंडानं तिखट. तुळशीराम त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, कायम हरणारा.

एक मोगलाईकडून खेळायचा, एक भोसल्यांकडून. मोगलाईचे चिंचोके, भोसल्यांची सरकी. प्रत्येक खळग्याला गावाचं नाव. दाणा ठेवताना ते नाव तोंडानं घ्यायचं, नाही घेतलं तर चाल बाद. गाव तीन बाजूंनी वेढलं की उठतं. मग जिंकणारा खळग्यात बोट फिरवून धूळ काढतो आणि फुंकर मारतो. हरणारा त्या गावाचं नाव एकदा घेतो आणि तो डाव संपेपर्यंत ते नाव कोणी काढत नाही.

लहानपणी मी हा खेळ शेकडो वेळा पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"हिवरधोंडा," तुळशीराम चिंचोका ठेवत म्हणाले.

"कासारझिरी." पुंजाजींची सरकी.

"मोहदरी."

मी उभाच राहिलो. "आबा, ही नावं कुठून आली?"

"कुठून येतीन? मायच्या पोटातून." पुंजाजींनी वर पाहिलं नाही. "तुह्या काशीत खेळत नाईत का बे मुलूख?"

"आबा, ही खरी गावं आहेत. माझ्या यादीत आहेत. रीठ म्हणून."

"घ्या! पोट्टं सहा वर्सं शिकून आलं अन् मले सांगून राह्यलं का गावं खरी हायेत." तुळशीरामही हसले. "खोट्या गावासाठी कोनी लढते का लेका?"

मी तिथंच बसून पाट वहीत उतरवून घेतला, चोवीसच्या चोवीस नावांसकट. रात्री कंदिलाशी तालुक्याचा नकाशा पसरला आणि पाटावरच्या रेघांशी अंतरं जुळवली. हिवरधोंडा ते मोहदरी पाटावर तीन बोटं, नकाशावर तीन कोस. कासारझिरी उत्तरेला, नदीच्या वळणाच्या आत. पाटावरही रेघ तिथंच वाकलेली. चोवीसही गावं सापडली आणि चोवीसही रीठ होती. मला झोप आली नाही. मोगलाई-भोसल्यांच्या जुन्या मोहिमेचा नकाशा कोणत्याही दफ्तरात नव्हता आणि आमच्या ओट्यावर म्हातारे त्यावर चिंचोके खेळत होते! काशीच्या माझ्या गुरुजींना मी अकरा पानी पत्र लिहिलं.

एक गोष्ट पत्रात राहून गेली. पाटावर आमचं गाव नव्हतं. मधोमध जिथं ते असायला हवं तिथं दगड कोराच होता. दुसऱ्या दिवशी पुंजाजींना विचारलं तर ते म्हणाले, "ज्याचा पाट, त्याचं गाव पाटावर नसते. आपलंच गाव कोन उठवीन बे?"

३

मार्चच्या शेवटी मी सायकलवर मोहदरीला गेलो. चोवीस गावांतलं सगळ्यात जवळचं तेच.

वाट शेतांतून होती. तूर निघून गेलेली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधांवर रचलेल्या. बाराच्या सुमारास एक पांढरं टेकाड लागलं. पांढरीची माती दूरवरून ओळखू येते, घरांच्या भिंती विरून झालेली माती वेगळी दिसते. दोन चिंचा, बुजत आलेली विहीर, शेंदूर गेलेला मारुती. बाकी काही नाही. मी पावलांनी अंतरं मोजली, वहीत लिहिली, चिंचेखाली बसून भाकरी खाल्ली. ऊन इतकं होतं की लांबचे बांध पाण्यासारखे हलत होते.

उठून सायकलीकडे जाताना पायाखाली गार लागलं.

चिंचेपासून वीसेक पावलांवर जमिनीचा एक चौकोन शेणानं सारवलेला होता. आठ हात लांब, सहा हात रुंद. कडा सरळ, जणू भिंतींना टेकून थांबलेल्या. आत बोटांचे अर्धगोल, एकाला एक लागून, कोपऱ्यापासून मागे मागे सरकत उंबऱ्याशी संपलेले. उंबरा नव्हता. सारवण ओलं होतं.

मी खाली बसून बोट लावलं. बोटाला शेण लागलं. मार्चमधल्या दुपारी अशी जमीन घटकाभरात सुकते.

गुराख्यांचं काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण गुराखी सारवत नाहीत. मग एखादा नवस असेल. मारुतीपुढे सारवायचं ते चुकून इकडे. मी चारी बाजूंना पाहिलं. सारवणाभोवतीच्या धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं, माझंही नव्हतं.

पाठीमागे कोणीतरी ओल्या हातांनी बांगड्या मागे सारल्यासारखा आवाज झाला. मी वळलो नाही. सायकल घेतली आणि पांढरी उतरून खाली आल्यावरच श्वास सोडला. घरी येईपर्यंत बोटावरचं शेण वाळून निघून गेलं होतं आणि मला वाटू लागलं होतं की उन्हानं डोकं फिरलं असावं. वहीत मी एवढंच लिहिलं: मोहदरी. वस्तीच्या खुणा स्पष्ट.

४

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं मोठीमायनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या बायकोनं. तिचं नाव पंचफुला, पण गावात ती आंबसोडवाली. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आली. पुढे काका वारले, मूलबाळ नव्हतं, तिनं सगळा जीव माझ्यावर टाकला. आता ती पासष्टची होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

आंबसोड पाटावरचं चोविसावं गाव. सगळ्यात उत्तरेचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. यादीत रीठ. पटवारी तिथं जाऊन आलेला होता. सात चिंचा आणि एक विहीर, असं त्यानं मला स्वतः सांगितलं होतं.

दर वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी मोठीमाय एक गाठोडं बांधायची. त्यात सांजोऱ्या, खोबऱ्याची वाटी आणि भावजयीला एक खण. अखाजीला लेकी माहेरी जातात, आपला मुऱ्हाळी येणार, म्हणून. तिसऱ्या दिवशी ती ते सोडून सांजोऱ्या पोरांना वाटायची. छप्पन्न वर्षं. गावानं चेष्टा करणंही केव्हाच सोडलं होतं.

त्या वर्षी ती सांजोऱ्या तळताना मला म्हणाली, "सहदेव, तू गावं शोधून राह्यला म्हन्तेत."

"हो मोठीमाय."

"मंग माहं गाव दाखव न मले. डोयातला उजेड जाऊन राह्यला. एक डाव आंबसोडाच्या विहिरीचं पानी पेलं का मी मोकळी. गोडं पानी हाये, बापू. साखरेवानी. अथीचं खारं पेऊ पेऊ जीभ मेली माही."

मी तिला काय सांगणार होतो? की तुझं गाव शंभर वर्षांपूर्वीच उठलं, तुझ्या जन्माच्याही आधी? पण तिथं विहीर तर होती. पाणी तर होतं. चिंचेखाली बसवून तिला तांब्याभर पाणी पाजेन, डोळ्यांना फारसं दिसत नाही, वारा लागेल, चिंचेचा वास येईल. एवढ्यानं तिचं मन निवेल, असा मी विचार केला. त्यात दया होती, आणि खरं सांगायचं तर पाटावरचं शेवटचं गाव मोजायची घाईही होती.

बाबांना, उत्तमरावांना, हे पटलं नाही. "रिठात काय हाये? म्हातारीले उन्हातान्हात कुठं नेतं? तथी पोहोचल्यावर उजाड पाहून छाती फुटीन तिची."

"तिले दिसत नाई बाबा."

"दिसत नाई म्हनूनच सांगून राह्यलो," बाबा म्हणाले. "ज्याले दिसते त्याले फसवता येते. हिले कसं फसवशीन?"

मोठीमाय आतून ओरडली, "उत्तम, तू गप. मी माह्या पोराबरोबर जाऊन राह्यली."

५

अखाजीला पहाटे निघालो. दमणीत पेंढा, त्यावर घोंगडी, त्यावर मोठीमाय आणि तिचं गाठोडं. गाडी मीच हाकत होतो. वेशीशी पुंजाजी भेटले.

"आंबसोडवाली, चालली का व माहेरी?"

"चालली भाऊजी. पोरगं नेऊन राह्यलं."

"लवकर ये बाई," ते म्हणाले. हसले नाहीत.

पूर्णा कोरडी होती, मधोमध एक पाण्याची फीत. त्यापुढे माती काळीची तांबूस होत गेली, विहिरींवर मोटा दिसू लागल्या, केळीचे मळे लागले. मोठीमाय डोळे मिटून बसली होती आणि वाटेवर काय आलं ते मला न विचारता सांगत होती. "आता वड येईन." वड आला. "आता उतार." उतार आला. नऊ वर्षांच्या पोरीला एका वाटेचं किती लक्षात राहतं! मी मनात टिपून ठेवत होतो.

सूर्य डोक्यावर येता येता शेवटचा ओढा ओलांडला. पटवाऱ्यानं सांगितलेल्या सात चिंचा दिसल्या. मी बैल थांबवले.

चिंचांच्या मागे धूर होता. एक नाही, सणाच्या दुपारी गावावर असतो तसा, घराघरातून निघून एकत्र झालेला. कौलं दिसत होती. कुठेतरी पाळणा करकरत होता, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बायका गात होत्या.

वाट चुकलो, हा माझा पहिला विचार. दुसरा, पटवारी खोटं बोलला. तिसरा विचार सुचला नाही.

"सहदेव, थांबला काऊन?" मोठीमाय म्हणाली. "पोचलो न आपन."

६

वेशीतून एक तरुण माणूस पळत आला. पंचविशीचा असेल. त्याच्या पायांत नवीन जोडा होता, अजून करकरणारा. त्यानं गाडीच्या खुंट्याला हात घातला आणि हसला.

"बाई! मी निघतच होतो तुले घ्याले. जोडा शिवाले टाकला होता, आत्ता भेटला."

मोठीमायनं हात पुढे करून त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, गाल. "दयाराम," ती म्हणाली, "किती वाळला रे."

तो तिचा मोठा भाऊ होता. मला हे कळलं, आणि कळून मी काहीच केलं नाही. स्वप्नात आपण जसं नदीवर चालत जातो आणि चालताना नवल वाटत नाही, तसंच. मी गाडी सोडली, बैलांना पाणी दाखवलं. बायकांनी मोठीमायचे पाय धुतले. पोरं भोवती जमली आणि ओरडू लागली. माहेरी लेकीला सासरच्या गावानं ओळखतात, तशी त्यांनी तिला आमच्या गावाचं नाव घेऊन हाक मारली, अमुकवाली आत्या आली, अमुकवाली आत्या आली. तिला विहिरीवर नेलं. तिनं पहिला घोट घेतला. तिनं पाणी तोंडात धरून ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

मीही प्यालो. गोडं होतं.

मग मला ओटा दिसला. मारुतीपुढे, आमच्यासारखाच. एक म्हातारा एकटा पाट मांडून बसला होता. त्यानं मान वर केली.

"पाहुने, मुलूख येते का?"

माझं भान गेलं ते इथं. चोवीस मेलेल्या गावांच्या नावांमागे मी दोन महिने धावत होतो आणि इथं एका जिवंत गावात, दुसऱ्या पाटावर, तोच खेळ मांडलेला होता. मी बसलोच. वहीसुद्धा गाडीत राहिली.

"नावं मला येणार नाहीत तुमची," मी म्हणालो.

"पाहुन्याले नावाची माफी. तुमी ठेवा, नाव मी घेतो."

त्यानं मला सरकी दिली. त्याच्याकडे चिंचोके. पाटावर आंबसोड नव्हतं, हे मी लगेच ताडलं. जी नावं तो घेत होता ती सकाळी आम्ही ओलांडलेल्या गावांची होती. वडाचं गाव, केळीच्या मळ्यांचं गाव. मला वाटलं, हीच मोहीम, पण पलीकडच्या बाजूनं लिहिलेली. दोन्ही पाट जोडले की पूर्ण इतिहास! हात भराभर चालत होते. मधोमध एक खळगा होता, चारी रेघा तिथं मिळत होत्या, आणि म्हातारा तो राखत होता. मी पहिला दाणा त्याच्या पूर्वेला लावला, दुसरा उत्तरेला.

"शिकलेला मानूस दिसते," म्हातारा म्हणाला. "घाई लय."

तिसरा दाणा मी दक्षिणेला ठेवला. गाव वेढलं गेलं होतं. लहानपणी पुंजाजींसमोर मी कधीच जिंकलो नव्हतो. मी वाकलो, खळग्यात बोट फिरवलं, धूळ काढली आणि जोरात फुंकर मारली.

"याचं नाव काय आबा?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं आपला चिंचोका उचलून मुठीत धरला आणि मेलेल्या माणसाचं घेतात तसं, हलक्या आवाजात, एकदाच नाव घेतलं.

ते आमच्या गावाचं होतं.

मी उठलो तेव्हा पाट पायानं विस्कटला. मी विहिरीकडे पळालो. "मोठीमाय, चल! आत्ताच्या आत्ता चल!"

ती दोन भाच्यांच्या मधे बसली होती आणि गाठोडं सोडत होती. "आज कुठं रे? लेक माहेरी चार दिस राहते. पाचव्या दिशी ये तू, मले न्याले." तिनं माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, डोळे स्वच्छ होते. "भेला काऊन, बापू? पानी पे."

७

बैल घराच्या वाटेला पळतात. माझेही पळाले, पूर्णेपर्यंत, पूर्णेपुढेही. शेवटच्या वळणावर ऊन कलतीला होतं. तिथं ते थांबले आणि खाली मान घालून चरू लागले. मी चाबूक मारला. ते मला समजत नसल्यासारखे पाहत राहिले.

मी उतरून चालत गेलो.

ओटा होता. मारुती होता, शेंदूर गेलेला. बाभळी इतक्या जुन्या होत्या की दोघांच्या कवेत मावल्या नसत्या. त्यांच्यामध्ये सपाट पांढरी माती. एकशे बासष्ट घरं मी स्वतः लिहिली होती. कोणतं कुठं असायला हवं ते मी डोळे मिटून सांगू शकत होतो. मी आमच्या घराच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि बाबांना हाक मारली. थोड्या अंतरावर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, रिकाम्या हवेत कोणीतरी भाकरी थापत होतं. थाप, थाप, मग तव्यावर टाकल्याचा आवाज. मग तोही नाही.

त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी तहसिलीत होतो. कारकुनानं यादी उघडून माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "रिठात प्रगणक कशाला पाठवतील हो?" मी भरलेले फॉर्म कुठे मिळाले नाहीत. पाचव्या दिवशी आंबसोडला गेलो. सात चिंचा, एक विहीर. हाका मारून घसा बसला. नंतर दर अखाजीला जातो. पाणी अजून गोडं आहे.

मी आता नांदुऱ्यात शिकवतो. लोक मला मास्तर म्हणतात. कुठले, असं विचारलं तर सांगतो. ते म्हणतात, ऐकलं नाही कधी. या आठ वर्षांत मी त्या गावाचं नाव हजारदा लिहिलं, पण अलीकडे लिहिताना मधेच थांबावं लागतं. पुढचं अक्षर कोणतं ते आठवेपर्यंत पेन धरून बसतो. तेवढ्यात कधीकधी ते एकदम आठवतं, कोणीतरी दुरून हाक मारल्यासारखं, आणि मला कळतं की ती तिथं आहे आणि पोरं तिला त्या नावानं बोलावतायत. मोठीमाय आता त्र्याहत्तरची आहे.

तिच्यानंतर ते नाव टिकवायला मी एकटा पुरणार नाही. म्हणून हे लिहिलं. गावाचं नाव पळसझिरी. नुसतं वाचून भागणार नाही. जिथं बसला असाल तिथं, एकदा तोंडानं म्हणा.